हजेरीपटापासून अनुदानापर्यंत : वस्तीतल्या मुली-महिलांच्या गटांसाठी निधीची वाट

जनता वसाहत, काशेवाडी, येरवडा, दांडेकर पूल, रामटेकडी. पुण्यातल्या कुठल्याही वस्तीत मुलींची अभ्यासिका, शिवणवर्ग, बचतगट किंवा घरकामगार महिलांची बैठक कुणीतरी ताई पदरमोड करून चालवत असते. दोन-तीन वर्षे झाली की पदर पुरेनासा होतो. मग कुणीतरी सांगतं, ‘अहो, अशा कामाला अनुदान मिळतं.’ मिळतं, हे खरं आहे. त्यासाठी काय तयारी लागते, कुठल्या दारात जायचं आणि नव्या गटांचं घोडं नेमकं कुठे अडतं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे.

अनुदान म्हणजे नेमकं काय, हे आधी स्पष्ट करू. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे दीड हजार किंवा मुलीची शिष्यवृत्ती हे पैसे थेट त्या बाईच्या किंवा मुलीच्या नावावर येतात. इथे आपण गटाला मिळणाऱ्या पैशाबद्दल बोलतो आहोत. तो ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत आणि हिशोब देण्याच्या अटीवर मिळतो. कर्जासारखा तो फेडायचा नसतो. मात्र उरला किंवा भलत्याच गोष्टीवर खर्च झाला, तर देणारा तो परत मागू शकतो.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूकही इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं बरंच काही तिच्याशी जोडलेलं आहे. गट स्वतःचं काम स्वस्तात मांडतात. ताईंचं मानधन शून्य धरतात, खोली ‘ओळखीतली’ म्हणून भाडं लिहीत नाहीत आणि हिशोब ठेवणाऱ्याचा खर्च विसरतात. पैसे मिळतात, काम वाढतं आणि आठव्या महिन्यात ताई आजारी पडते किंवा दुसरी नोकरी धरते. मुलींच्या बाजूने बघितलं तर असं अनुदान न मिळालेलं बरं.

अर्जाच्या आधी वही

दोनशे पानी एक जाड वही घ्या. पहिल्या भागात प्रत्येक मुलीची किंवा बाईची नोंद करा : नाव, जन्मतारीख किंवा वय, शाळा आणि इयत्ता (सुटली असेल तर कधी व का), गल्ली, घरी कमावतं कोण आणि काय काम करतं, संपर्काचा फोन कुणाचा, गटात येऊ लागल्याची तारीख. दुसऱ्या भागात हजेरी. तिसऱ्या भागात प्रत्येक बैठकीच्या चार ओळी : तारीख, वेळ, काय घेतलं, काय ठरलं.

हजेरीपट भरताना एक पथ्य पाळा. तो त्याच दिवशी, तिथेच भरायचा. महिन्याभराची हजेरी एकाच बसण्यात, एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात भरली की पाहणीला आलेल्या माणसाला पहिल्याच पानावर कळतं. खऱ्या हजेरीपटात खाडाखोड असते, परीक्षेच्या काळात गैरहजेरी असते, गौरी-गणपतीत तीन मुली गावाला गेलेल्या असतात. चाळीसपैकी अठ्ठावीस ही खरी हजेरी रोज चाळीस दाखवणाऱ्या हजेरीपेक्षा जास्त विश्वास मिळवून देते.

काम सुरू होतानाची स्थितीही याच वहीत टिपा. शाळाबाह्य मुली किती, आठवीतल्या किती जणींना मराठीचा परिच्छेद अडखळत वाचता येतो, बचत किती जणींची आणि किती रुपये, हिमोग्लोबिन तपासलं असेल तर बारा ग्रॅमच्या खाली किती जणी. हे आकडे सुरुवातीला घेतले नाहीत तर वर्षाने कितीही चांगलं काम झालं तरी फरक दाखवता येत नाही, आणि मागे जाऊन ते गोळा करण्याची सोय नसते.

मोजून मांडलेल्या कामाला पुण्यात मान मिळतो, याचं उदाहरण घरचंच आहे. १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक महिलांच्या कामाची किंमत महापालिकेपुढे आकड्यांत मांडली. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुढे याच कामातून उभी राहिली.

नोंदणी करायची की नाही

दहा ते वीस जणींचा बचतगट असेल तर संस्था म्हणून नोंदणीची गरज नाही. गटाच्या नावाने बँकेत खातं निघतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार खातं उघडताना सगळ्या सदस्यांची केवायसी मागायची नसते, पदाधिकाऱ्यांची पुरते. शाखेत अडवलं तर हा नियम शांतपणे दाखवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख लेखन या पंचसूत्रीवर सहा महिने चाललेला गट बँकेच्या कर्जासाठी पात्र धरला जातो. ‘माविम’ (राज्य सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि महापालिकेचा समाज विकास विभाग यांच्या योजनाही गटापर्यंत येतात. पण कंपन्यांचा आणि मोठ्या फाउंडेशनांचा निधी बचतगटाला थेट मिळत नाही. त्यांना नोंदणीकृत संस्था लागते.

संस्था काढण्याआधी एक वर्ष जुन्या, नोंदणीकृत संस्थेच्या छताखाली काम करून बघा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. पैसे त्या संस्थेच्या खात्यात येतात, काम तुम्ही करता. त्यासाठी साध्या मराठीत दोन पानी करार करा : किती रक्कम, हप्ते कधी, ती संस्था व्यवस्थापनासाठी किती ठेवणार, बिलं कुणाकडे राहणार, अहवालात तुमच्या गटाचं नाव येणार की नाही. शेवटचा मुद्दा नक्की लिहून घ्या. पुढे स्वतःच्या नावावर अर्ज करताना ‘हे काम आम्ही केलं’ याचा पुरावा तोच असतो. ही सोय देशातल्या पैशापुरतीच आहे. परदेशी निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवायला एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीपासून मनाई आहे.

स्वतःची नोंदणी करायचीच असेल तर महाराष्ट्रात नेहमीची वाट म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी. तिला किमान सात सदस्य लागतात. त्याबरोबर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते आणि ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. विश्वस्त संस्था म्हणजे ट्रस्ट केला तर क्रमांक ‘ई’ने सुरू होतो. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी हा तिसरा मार्ग, पण तिच्या वार्षिक पूर्तता छोट्या गटाला जड जातात. पुण्यातलं धर्मादाय कार्यालय ढोले पाटील रोडवर आहे आणि बरीचशी प्रक्रिया आता ऑनलाइन होते.

या टप्प्यावर होणाऱ्या तीन चुका वर्षानुवर्षे त्रास देतात. पहिली संस्थेच्या घटनेतल्या, म्हणजे नियमावलीतल्या, उद्देशांची. कुणाची तरी जुनी घटना उतरवून काढली जाते आणि उद्देशांत ‘सांस्कृतिक व क्रीडा कार्यक्रम’ एवढंच राहतं. पुढे शिवणकामाच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला की विचारणा होते, हे तुमच्या उद्देशांत कुठे आहे? शिक्षण, आरोग्य, उपजीविका, कौशल्य प्रशिक्षण, हिंसाचारग्रस्त महिलांना मदत हे सगळे शब्द सुरुवातीलाच घाला. दुसरी चूक सात सदस्यांची : नवरा, दीर, जाऊ, भाऊ. कायद्याने चालेल, पण देणारे अशा यादीकडे पाहून थांबतात. वस्तीतल्या किमान दोन महिला आणि हिशोब कळणारी एक बाहेरची व्यक्ती घ्या. तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून जातो, आणि पाच वर्षांनी पाहावं तर परिशिष्ट एकवर (तिथल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर) जुनीच नावं असतात, त्यातले एक वारलेले आणि एक गावाला परतलेले. बँकेत सही करणारे वेगळे, धर्मादायच्या नोंदीत वेगळे. अशा फाइलीवर पैसे कुणीच सोडत नाही.

कागदांची फाइल

नोंदणीनंतर हे या क्रमाने करा : संस्थेच्या नावाने पॅन, बँक खातं, आयकर खात्याकडे १२ए आणि ८०जी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद, आणि कंपन्यांच्या सीएसआरसाठी, म्हणजे त्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चातून निधी घेण्यासाठी, सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म. पॅन, नोंदणी प्रमाणपत्र आणि बँक या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः एकच हवं. एकीकडे ‘महिला मंडळ’ आणि दुसरीकडे ‘महिला मंडळ, पुणे’ असं झालं तरी ऑनलाइन अर्ज अडकतो.

१२एमुळे संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत मिळते, तर ८०जीमुळे देणाऱ्याला. नव्या संस्थेला दोन्ही आधी तीन वर्षांसाठी तात्पुरत्या मिळतात. मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांतलं जे आधी येईल तेव्हा पुढचा अर्ज करायचा असतो. ती तारीख कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मांचे आकडे बदलले आहेत. बोलण्यात १२ए आणि ८०जी राहिले तरी फॉर्म भरताना सीएकडून नवा क्रमांक विचारून घ्या. देणगीदारांची माहिती दरवर्षी ३१ मेपर्यंत आयकर खात्याला द्यावी लागते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आहे, आणि वजावटीचं प्रमाणपत्र न मिळाल्यामुळे देणगीदार दुखावतो तो वेगळाच. रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत गेलेल्या व्यक्तीलाही ८०जीचा फायदा नसतो, तेव्हा पगारदार माणसाला ‘कर वाचेल’ असं सरसकट सांगू नका.

सीएसआर-१ साठी १२ए आणि ८०जी दोन्ही लागतात आणि फॉर्म सीए किंवा कंपनी सेक्रेटरीने प्रमाणित करावा लागतो. तो नसेल तर मालकाची कितीही इच्छा असली तरी कंपनीला तुमच्यामार्फत सीएसआरचा खर्च दाखवता येत नाही.

वार्षिक हिशोब वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत तपासून धर्मादाय कार्यालयात द्यायचा. तीन वर्षांचे ताळेबंद, इतिवृत्ताच्या प्रती आणि सगळी प्रमाणपत्रं स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पेन ड्राइव्हवर एक प्रत वेगळी असू द्या.

कुणाचं दार ठोठवायचं

सुरुवात जवळच्यांपासून करा. पहिले पन्नास हजार बहुधा सोसायट्या, रोटरी क्लब, गणेश मंडळं, निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारी यांच्याकडूनच येतात. पितृपक्षात पुण्यात भरणाऱ्या ‘देणे समाजाचे’ प्रदर्शनात संस्था आणि देणगीदार समोरासमोर येतात, आणि गणेशोत्सवात ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमातून निवडक संस्था राज्यभर पोचतात. दोन्हीकडे निवड होते, म्हणून आधीच्या वर्षी जाऊन तिथल्या संस्था कशा बोलतात, काय दाखवतात ते बघून या. लहान देणगीचा एक मोठा फायदा आहे. ती कशावरही खर्च करता येते, आणि मोठ्या अनुदानाचे हप्ते लांबले की खोलीचं भाडं तीच भरते.

कंपन्यांचा सीएसआर. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. महिला सक्षमीकरण, मुलींचं शिक्षण, आरोग्य, कौशल्य प्रशिक्षण हे सगळं कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. नवे गट सरळ सगळ्यांना माहीत असलेल्या मोठ्या नावांकडे जातात, तिथे अर्जांचा ढीग असतो. त्याऐवजी भोसरी, चाकण, पिरंगुट, रांजणगाव इथल्या मध्यम कंपन्या बघा. सरासरी नफा ५ कोटी असेल तर सीएसआरची रक्कम १० लाख होते. रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर समिती नेमण्याची सक्ती नाही, संचालकच ठरवतात. म्हणजे तुमचं म्हणणं मालक किंवा मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखापर्यंत एका भेटीत पोचू शकतं. कुठल्या कंपनीने कुठल्या जिल्ह्यात, कशावर किती खर्च केला, हे केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर उघडपणे बघायला मिळतं. पुणे जिल्हा आणि महिला किंवा शिक्षण हा विषय घेऊन दहा कंपन्यांची यादी करा. शंभर पत्रं पाठवण्यापेक्षा हे बरं.

संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, ही सीएसआरची अट नव्या संस्थांना आडवी येते. छताखाली काम करताना अहवालात आलेलं तुमचं नाव बोलणी करताना उपयोगी पडतं, पण नियमाची पूर्तता त्याने होते असं समजू नका. तीन वर्षं होईपर्यंत कंपनीचा करार त्या जुन्या संस्थेबरोबरच होऊ द्या.

वेळही सांभाळा. कंपन्यांची आखणी एप्रिल ते जूनमध्ये होते. जुलै ते सप्टेंबरमध्ये गेलात तर बोलणी निवांत होतात. जानेवारीनंतर उरलेला पैसा संपवायची घाई असते, तेव्हा पटकन होकार येतो आणि अटही तशीच येते : ‘३१ मार्चपर्यंत खर्च करा.’ वर्षभराच्या अभ्यासिकेला हा पैसा घेऊ नका. शिलाई मशीन, संगणक, पुस्तकं अशा एकदाच्या खरेदीसाठी तो चालतो.

फाउंडेशनांचं तंत्र वेगळं. ती बहुधा दोन-तीन वर्षांची साथ देतात, माणसांच्या मानधनाला नाक मुरडत नाहीत, पण निर्णयाला सहा-आठ महिने सहज लागतात आणि प्रश्न खोलवर विचारतात. महापालिकेच्या महिला व बालकल्याणाच्या योजना समाज विकास विभागाकडून चालतात. तिथल्या समूह संघटिकेशी, म्हणजे वस्त्यांचं काम बघणाऱ्या कार्यकर्तीशी, ओळख ठेवणं हेच मोठं काम, कारण योजनेची माहिती वस्तीत तिच्यामार्फतच येते. सरकारी पैसा उशिरा येतो असं धरूनच गणित बांधा.

परदेशातल्या पैशाबद्दल सावध. एफसीआरए नोंदणीसाठी साधारणपणे संस्थेला तीन वर्षं झालेली आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च झालेला असावा लागतो. पुण्यात नेहमी होणारा घोटाळा असा : अमेरिकेतला भाचा किंवा मावसबहीण प्रेमाने पैसे पाठवते. ती अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर तो परदेशी निधी धरत नाहीत. तिने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) कार्ड असलं तरी, तो परदेशी निधी होतो, आणि एफसीआरएशिवाय घेणं गुन्हा आहे. पैसे येण्याआधी पासपोर्टची प्रत मागून घ्या. नात्यात अवघड वाटतं, तरी मागा.

अंदाजपत्रक : खरी किंमत लिहा

एक नमुना घेऊ. वस्तीतल्या ११ ते १८ वयाच्या ४० मुली, आठवड्यातून दोन सत्रं, वर्षात साधारण ९६. दर तुमच्या वस्तीप्रमाणे बदला, पण ओळी सगळ्या ठेवा.

समन्वयक ताई, अर्धवेळ : १२,००० × १२ = १,४४,०००
दोन वस्ती कार्यकर्त्या, अर्धवेळ : ७,००० × २ × १२ = १,६८,०००
खोलीचं भाडं व वीज : ४,००० × १२ = ४८,०००
खाऊ : ४० मुली × १५ रुपये × ९६ सत्रं = ५७,६००
वह्या, पुस्तकं, साहित्य : ४० × ६०० = २४,०००
आरोग्य तपासणी : ४० × २५० = १०,०००
प्रवास : १,५०० × १२ = १८,०००
हिशोबनीस, महिन्यातून ठरावीक दिवस : २,५०० × १२ = ३०,०००
लेखापरीक्षण : १०,०००
फोन, छपाई, झेरॉक्स : १,००० × १२ = १२,०००
एकूण : ५,२१,६००

म्हणजे एका मुलीमागे वर्षाला १३,०४० रुपये, महिन्याला हजाराच्या थोडं वर. हा आकडा अर्जात स्वतःहून लिहा. देणारा तो काढणारच असतो.

निम्म्याहून जास्त रक्कम माणसांवर जाते आणि इथेच प्रश्न येतो : ‘एवढे पगार?’ उत्तर तयार ठेवा. मुलींसाठी जे काही होतं ते या तीन बायकांच्या हातून होतं. शाळा सुटलेल्या मुलीच्या घरी चार वेळा जाऊन आईला पटवणं, पाळी आल्यापासून येईनाशी झालेली मुलगी परत आणणं, लग्न ठरवू पाहणाऱ्या बापाशी बोलणं. यातली एकही गोष्ट वह्यांच्या ओळीत बसत नाही. मानधनाच्या ओळीसमोर महिन्याला किती तास आणि त्यात कोणती कामं, हे तीन ओळींत लिहा. हरकत बहुतेक वेळा तिथेच विरते.

‘सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर चालत नाही’ असं सांगून कुणी मानधन कापायला सांगितलं तर नियम समजावून सांगा. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा आणि त्यावर देखरेख ठेवण्याचा खर्च तिच्यात येत नाही. हा गैरसमज कंपन्यांमध्येही सर्रास आहे, तेव्हा वाद न घालता नियमाची प्रत पुढे ठेवा.

‘इतर खर्च’ अशी ओळ कधी लिहू नका. रक्कम कमी करायला सांगितली तर मानधन कापण्याऐवजी मुलींची संख्या कमी करा. ४० च्या जागी ३० मुली आणि दोनऐवजी एक कार्यकर्ती, असं नवं अंदाजपत्रक पाठवा.

अर्ज

आधी मराठीत लिहा, मुलींबरोबर रोज काम करणाऱ्या ताईच्या तोंडून. बहुतेक अर्ज इंग्रजीत द्यावे लागतात, पण थेट इंग्रजीत लिहिलं की ‘सर्वांगीण सक्षमीकरण’ छापाची जड वाक्यं येतात आणि वस्ती हरवते. मराठी मजकूर नक्की झाला की इंग्रजी चांगलं असणाऱ्याकडून उतरवून घ्या, आणि उतरवलेलं ताईला वाचून दाखवा. जास्तीची आश्वासनं तिथेच सापडतात.

‘मुली सक्षम होतील’ असं लिहिण्यापेक्षा ‘४० पैकी ९ मुलींनी शाळा सोडली आहे. वर्षअखेर त्यांपैकी किमान ५ जणी शाळेत किंवा सतरा नंबरच्या (शाळेबाहेरून परीक्षा देण्याच्या) फॉर्मने दहावीला बसलेल्या असतील’ असं लिहा. पाच म्हणजे पाचच. नऊच्या नऊ लिहिलंत तर पुढच्या वर्षीचा अहवाल तुम्हालाच अवघड जाईल.

अडचणींचा रकाना बरेच जण कोरा सोडतात. तो मनापासून भरा. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या वस्तीत पाणी शिरतं, एसआरएमुळे (झोपडपट्टी पुनर्वसनामुळे) घरं हलतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, मे महिन्यात मुली गावाला. प्रत्येकासमोर तुमचा उपाय एका ओळीत. हा रकाना वाचून कळतं की लिहिणारा वस्तीत राबलेला आहे.

मुलींच्या सुरक्षिततेचं धोरण आता जवळजवळ सगळे मागतात. एक पान पुरतं : मुलींबरोबर एकट्या पुरुषाने बंद खोलीत सत्र घ्यायचं नाही, फोटोसाठी पालकांची लेखी संमती, तक्रार कुणाकडे करायची. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘घरातल्या घरात मिटवू’ हा पर्याय कायद्याने तुमच्याकडे नाही, हे प्रत्येक कार्यकर्तीला माहीत हवं. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक भिंतीवर लावा.

पाहणीची भेट

नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या वेळी बोलवा. स्वागतगीत, हार आणि नाश्ता यांत मुलींचा अख्खा दिवस जातो आणि पाहुण्याला काम दिसत नाही. सत्र चालू असू द्या. वही, बिलांची फाइल आणि बँकेचं पासबुक टेबलावर ठेवा. बोलायला मुलींना आणि त्यांच्या आयांना पुढे करा, पण कुणाच्या घरची मारहाण, व्यसन चारचौघांत सांगायला लावू नका. तसा आग्रह पाहुण्याने धरला तर विषय बदलणं हे तुमचं काम.

घरकामाला जाणाऱ्या बायका दुपारी तीन ते पाचच्या मध्ये किंवा रात्री आठनंतरच मोकळ्या असतात. कंपनीच्या साहेबांना सकाळी अकराची वेळ सोयीची असते. तरीही दुपारचीच मागा. आयांनी एका घरचा खाडा करून यायचं म्हणजे त्या दिवसाचे पैसे त्यांच्या हातून जातात.

पैसे आल्यावर

करार वाचून हप्त्यांच्या आणि अहवालांच्या तारखा आधी उतरवून घ्या. पहिल्याच दिवशी प्रत्येक अनुदानासाठी वेगळं खातेपान उघडा. प्रत्येक बिलावर संस्थेचं नाव, तारीख, अंदाजपत्रकातली ओळ आणि दोन सह्या. वस्तीतल्या भाजीवाल्याकडे छापील बिल नसतं, तिथे व्हाउचर लिहून त्याची सही घ्या. पाच हजारांच्या वर रोख दिले तर पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट लागतं. मानधन मात्र नेहमी बँकेतूनच द्या.

एका ओळीतले पैसे दुसऱ्या ओळीत वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. किती टक्क्यांपर्यंत सूट आहे ते करारात असतं. खाऊचे वाचलेले नऊ हजार पुस्तकांवर खर्च करण्यात गैर काहीच नाही, पण अहवालात ते अचानक दिसले की शंका येते. ईमेलवर दोन ओळींचा होकार मिळवायला एक दिवस लागतो.

करसवलतीसाठी वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग त्याच वर्षी खर्च व्हावा लागतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मोठा हप्ता आला तर ते शक्य नसतं. खर्च पुढच्या वर्षात नेण्यासाठी कायद्यात सोय आहे, पण तिचा फॉर्म मुदतीत भरावा लागतो. म्हणून हप्ता आल्याच्या आठवड्यातच सीएला फोन करा, सप्टेंबरपर्यंत थांबू नका.

काही बिनसलं, मुली कमी झाल्या, खोली गेली, कार्यकर्ती सोडून गेली, तर अहवालाची वाट न पाहता त्याच महिन्यात कळवा. मुदतवाढ किंवा बदल मिळण्याची शक्यता तेव्हा सगळ्यांत जास्त असते. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला), खर्चाचा तक्ता आणि अहवाल ही तिन्ही कागदं एकमेकांशी रुपयापर्यंत जुळली पाहिजेत. दुसरा हप्ता अडकतो तो बहुतेक वेळा इथेच.

दर तीन महिन्यांनी हाच खर्चाचा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून खोलीच्या भिंतीवर लावा आणि आयांच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा : किती आले, खाऊवर किती, भाड्यावर किती, कुणाचं मानधन किती. त्या प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरं इतिवृत्तात लिहा आणि खाली त्यांच्या सह्या घ्या.